प्रकरण सातवे : दारात ई-गाडी, कोपऱ्यावर डीपी

१. शेजाऱ्यांचा प्रश्न

इलेक्ट्रिक गाडी घेणारा माणूस शोरूममध्ये ठरलेले दोन प्रश्न विचारतो. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते आणि बॅटरी किती वर्षं टिकते? तिसरा प्रश्न त्याच्या शेजाऱ्यांना पडतो. साताऱ्यात शाहूपुरीत, सांगलीत विश्रामबागेत, कराडात, मिरजेत तो जवळजवळ एकाच शब्दांत ऐकू येतो : ‘उन्हाळ्यात आधीच व्होल्टेज डीम होतं. उद्या घरोघरी गाड्या चार्जिंगला लागल्या तर आपली डीपी राहील का?’

प्रश्न अगदी रास्त आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडत होती, तेव्हा असा प्रश्न कुणाला पडला नाही. पडण्याचं कारणच नव्हतं. शंभर स्कूटरवाले एकाच वेळी पेट्रोल भरायला गेले तर पंपावर रांग लागायची. नोझल दोनच, त्यामुळे पाळी आपोआप ठरायची. घरातल्या प्लगला रांग नसते. शंभर घरांतले शंभर प्लग एकाच मिनिटाला चालू होऊ शकतात आणि कुणाला कुणाचा पत्ता नसतो.

आधी थोडक्यात उत्तर देतो. डीपी, म्हणजे कोपऱ्यावरचं रोहित्र, राहील. मात्र सगळ्या गाड्या संध्याकाळी साडेसातला, मोठ्या चार्जरवर, एकदम लागल्या तर राहणार नाही. या वाक्यातल्या प्रत्येक अटीमागे काय आहे, ते आता एकेक करून पाहू.

२. किती वीज आणि किती वेगाने

बिलावर ‘युनिट’ असतं आणि उपकरणावर ‘वॅट’ किंवा ‘किलोवॅट’. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचं सगळं गणित चुकतं. किलोवॅट म्हणजे या क्षणी वीज किती वेगाने ओढली जातेय, आणि युनिट म्हणजे एकूण किती ओढून झाली. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला तर एक युनिट होतं. एक किलोवॅटची इस्त्री सलग तासभर चालली तरी एकच युनिट. बिल दोघांचं सारखं, पण गिझरने ती वीज दुप्पट वेगाने घेतली. बिलाला युनिटशी मतलब असतो, डीपीला किलोवॅटशी.

आता गाड्यांकडे वळू. चेतक, एथर, आयक्यूब, ओला अशा नेहमीच्या ई-स्कूटरची बॅटरी साधारण दोन ते चार युनिटची असते आणि घरी चालणारा चार्जर पाऊण किलोवॅटच्या आसपास ओढतो. एका युनिटमध्ये शहरात सुमारे पंचवीस किलोमीटर होतात, असं ढोबळमानाने धरा. सांगलीहून मिरजेला रोज नोकरीला जाऊन येणाऱ्याला दिवसाला एक युनिटही पुरतं. म्हणजे त्याची स्कूटर सकाळच्या एका अंघोळीइतकी वीज खाते, आणि तीही गिझरच्या निम्म्याहून कमी वेगाने. स्कूटरला घाबरण्यात अर्थ नाही.

कारचं प्रकरण वेगळं आहे. कॉमेटसारख्या लहान कारची बॅटरी सतरा युनिटची, नेक्सॉनसारख्या कारची तीस ते पंचेचाळीस युनिटची. चार्ज करण्याचे घरगुती मार्ग दोन. एक, एसीसाठी असतो तसला १६ अँपिअरचा सॉकेट. तो सुमारे ३.३ किलोवॅट देतो. दुसरा, भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा चार्जर, ज्याला सगळे वॉलबॉक्स म्हणतात. एका घराचा मंजूर भार बहुधा दोन-तीन किलोवॅट असतो, त्या घराच्या भिंतीवर आता सव्वासात किलोवॅटचं उपकरण येऊन बसलं. गिझर वीस मिनिटांत बंद होतो. हे यंत्र बॅटरी रिकामी असेल तर पाच-सहा तास त्याच वेगाने ओढत राहतं.

३. वीज आहे, पण ती येते कुठून?

‘वीजच कमी पडेल’ ही भीती सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत तरी विचित्र वाटते. पाटण तालुक्यातल्या कोयना धरणावर उभा असलेला जलविद्युत प्रकल्प १९६० मेगावॅटचा आहे. वनकुसवड्याच्या पठारावर आणि सांगली जिल्ह्यात ढालगावकडे पवनचक्क्या फिरतात. हंगामात साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वीज करतात. तरीही विश्रामबागेतल्या गल्लीत संध्याकाळी पंखा मंद होतो, तो का?

कारण वीज तयार होणं आणि तुमच्या मीटरपर्यंत पोचणं ही दोन कामं आहेत. उच्च दाबाच्या वाहिन्यांवरून ती मोठ्या उपकेंद्रांत येते, तिथून ३३ हजार व्होल्टवर लहान उपकेंद्रात, मग ११ हजार व्होल्टच्या फिडरवरून गावात. शेवटी दोन खांबांवर बसवलेलं ते राखाडी रोहित्र येतं, ज्याला आपण सगळे डीपी म्हणतो. ते ११ हजार व्होल्टचे ४३३ व्होल्ट करतं आणि घराघरात एका फेजवर साधारण २३०-२४० व्होल्ट पोचतात. प्रत्येक टप्प्यावर वाट अरुंद होत जाते आणि सगळ्यांत अरुंद जागा ही डीपीच असते. डीपीची क्षमता केव्हीएमध्ये मोजतात. कोयनेत कितीही वीज असली तरी १०० केव्हीएच्या डीपीतून १०० केव्हीएच सुखाने जाणार.

कोयनेची गोष्ट मात्र इथे एका वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. हा प्रकल्प मुख्यतः संध्याकाळच्या आणि सकाळच्या मागणीच्या शिखरावर वापरला जातो, कारण जलविद्युत यंत्रं काही मिनिटांत चालू-बंद करता येतात. पण पाण्याला मर्यादा आहे. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मितीसाठी वापरायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून दिलंय. धरणाचा साठा १०५.२५ टीएमसी असला, तरी पूर्वेकडच्या शेतीचाही त्यावर हक्क आहे. म्हणून संध्याकाळचं प्रत्येक युनिट हे राखून ठेवलेल्या पाण्यातलं असतं. सात वाजता जी कार चार्जिंगला लावली नाही, तिचं तेवढं पाणी वाचतं.

४. डीपी तापते म्हणजे काय होतं

रोहित्रात तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तारेची वेटोळी असतात. त्यांवर कागदाचं वेष्टण असतं आणि सगळं तेलात बुडवलेलं असतं. वीजप्रवाह वाहिला की तार तापते, तेल ती उष्णता बाहेरच्या पंख्यांसारख्या पात्यांकडे नेतं आणि वाऱ्यावर ती निघून जाते. यातली गैरसोयीची गोष्ट अशी की तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. भार २० टक्क्यांनी वाढला तर उष्णता ४४ टक्क्यांनी वाढते. भार दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट होते.

डीपी एका संध्याकाळच्या जादा भाराने सहसा उडत नाही. तेल तापायला वेळ लागतो, आणि पूर्वी रात्री अकरानंतर घरं झोपली की तीही निवांत गार व्हायची. खरं नुकसान कागदाचं होतं. ठरलेल्या तापमानाच्या वर दर सहा अंशांना त्या कागदाचं आयुष्य साधारण निम्मं होत जातं. पंचवीस वर्षं चालायची ती डीपी पाच-सात वर्षांत मरते आणि मरताना एप्रिल-मे महिना निवडते, कारण तेव्हा बाहेरची हवाच इतकी तापलेली असते की उष्णता जायला जागा उरत नाही. म्हणून ‘कालच तर कुणी जादा काही लावलं नव्हतं, मग आज डीपी का गेली?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा गेल्या तीन उन्हाळ्यांत दडलेलं असतं.

यातून एक अडचण उभी राहते. गाड्या रात्री चार्ज करा, असा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबरही आहे. पण रात्रभर भार भरभरून ठेवला तर डीपीची गार होण्याची वेळच जाते. रात्रीचा भार हलका राहायला हवा. तो कसा राहतो, ते आता प्रत्यक्ष आकड्यांत पाहू.

५. ऐंशी घरांची गल्ली

समजा, एका गल्लीत ऐंशी घरं आहेत आणि त्यांना १०० केव्हीएची एक डीपी. घरगुती वापरात त्यातून साधारण ९० किलोवॅट घेता येतात. प्रत्येक घराचा मंजूर भार दोन किलोवॅट धरला तर बेरीज १६० होते. मग डीपी लहान बसवली का? नाही. लग्नात हजार पानं उठायची असली तरी मांडवात हजार पाट मांडत नाहीत. दोनशेची पंगत बसते, ती उठली की दुसरी बसते. घरांचंही तसंच. एकाचा मिक्सर चालू असतो तेव्हा दुसऱ्याचा पाण्याचा पंप बंद असतो. म्हणून संध्याकाळी साडेसात-आठलाही एका घराचा सरासरी भार समजा ०.७ किलोवॅट भरतो आणि गल्लीचा मिळून ५६. डीपी मजेत आहे.

त्यात वीस स्कूटर आल्या. सगळ्या एकदम लागल्या तरी १५ किलोवॅट. झाले ७१. अजूनही चिंता नाही.

आता पाच घरांत कार आल्या, पाचही वॉलबॉक्सवर, आणि पाचही मालक ऑफिसातून आल्या आल्या प्लग लावून चहाला बसले. ३६ किलोवॅट वाढले. झाले १०७. डीपी तिच्या मर्यादेबाहेर गेली, आणि फक्त पाच घरांनी ती नेली. त्याच पाच कार १६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर असत्या तर साडेसोळा किलोवॅट वाढून बेरीज साडेसत्याऐंशी झाली असती. काठावर, पण आत.

पुढे कार बारा झाल्या. मालक शहाणे निघाले, सगळ्यांनी मोबाइलवरून ठीक रात्री अकराची वेळ लावून ठेवली. त्या वेळी घरांचा भार उतरून २५ किलोवॅटवर आलेला असतो. अकराच्या ठोक्याला बारा वॉलबॉक्स चालू : ८६ अधिक २५, म्हणजे १११. संध्याकाळचं शिखर टाळायला गेलो आणि मध्यरात्री नवं शिखर उभं केलं!

गंमत पुढे आहे. या बारा गाड्यांना रात्रभरात लागणार किती? रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या कारला, चार्जिंगमधली गळती धरून, सहा युनिट पुरतात. बारा कारना ७२ युनिट. रात्री अकरा ते सकाळी सहा या सात तासांत ती समान वाटली, तर भार येतो फक्त दहा किलोवॅट. पंचवीसमध्ये दहा मिळवा, पस्तीस. डीपीच्या क्षमतेच्या निम्म्याहून कमी, आणि गार व्हायला वेळही मिळाला.

एका टोकाला १११ आणि दुसऱ्या टोकाला ३५. गाड्या त्याच, किलोमीटर तेच, युनिट तेच. फरक फक्त कुणी कधी आणि किती वेगाने घेतलं, एवढाच. गाडी रात्रभर दारात उभीच असते. तिला दोन तासांत भरून टाकण्याची घाई कुणाला आहे? माझ्या मते घरी ७.२ किलोवॅटचा चार्जर ही बहुतेक कुटुंबांसाठी हौस आहे, गरज नाही. साताऱ्याहून कराडला रोज कारने जाऊन येणाऱ्याचे शंभर किलोमीटर होतात, त्याला पंधरा युनिट लागतात. तेवढी साध्या सॉकेटवरही पाच तासांत भरतात.

६. एक फेज भरला, दोन रिकामे

वरच्या हिशेबात मी एक गोष्ट सोपी करून सांगितली. डीपीतून तीन फेज निघतात आणि घरं त्यांवर वाटलेली असतात. १०० केव्हीएच्या डीपीला प्रत्येक फेजवर सुमारे १३३ अँपिअर झेपतात. ७.२ किलोवॅटचा सिंगल फेज चार्जर ३२ अँपिअर ओढतो. म्हणजे योगायोगाने चार कार एकाच फेजवर आल्या, तर १२८ अँपिअर त्यांनीच खाल्ले. घरांचे दिवे-पंखे अजून बाकी आहेत. उरलेले दोन फेज अर्धे रिकामे असले तरी उपयोग नाही. त्या एका फेजचा फ्यूज जातो आणि गल्लीतल्या दर तिसऱ्या घरात अंधार होतो.

हे लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला पाठ असतं. कोणतं घर कोणत्या फेजवर आहे आणि कुठला फेज ‘जड’ आहे, हे त्याला खांबाखाली उभं राहून सांगता येतं. महावितरण ज्यांना जनमित्र म्हणतं, त्यांना नव्या कारची खबर असली तर एखादं घर दुसऱ्या फेजवर टाकणं हे किरकोळ काम आहे. खबर नसेल तर ती फ्यूज गेल्यावर कळते.

वाडीवस्तीवर याला आणखी एक जोड आहे. डीपीपासून लांब, तारेच्या टोकाला असलेल्या घरात संध्याकाळी १८०-१९० व्होल्टच येतात. व्होल्टेज उतरलं की जुना बल्ब मंद होतो आणि भार आपोआप थोडा कमी होतो. बॅटरीचे अनेक चार्जर उलटे वागतात. ठरलेली शक्ती मिळवण्यासाठी ते जादा अँपिअर ओढतात, त्याने व्होल्टेज आणखी उतरतं. टोकाच्या घरात मोठा चार्जर बसवण्याआधी म्हणूनच संध्याकाळचं व्होल्टेज मोजून घ्यावं.

७. शेतातल्या मोटरींनी शिकवलेलं

ज्यांना ‘लोड मॅनेजमेंट’ हा परदेशी विषय वाटतो, त्यांनी तासगाव, वाळवा, कराड, कोरेगावच्या शेतकऱ्याशी बोलावं. एका डीपीवर अनेकांचा भार कसा बसवायचा, हा धडा इथे उसाच्या आणि द्राक्षांच्या शेतात कधीच गिरवून झालाय, आणि बरीच किंमत मोजून.

शेतीपंपाचे फिडर गावठाणाच्या फिडरपासून वेगळे केले गेले. थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळू लागली : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, ठरावीक तास. रात्री दोनला वीज आली की मोटर चालू करायला उसातून चालत जाणं आलं. साप असतात, आणि कराड-शिराळा पट्ट्यात बिबट्याही असतो. साहजिकच शेतकऱ्यांनी ऑटोस्विच बसवले. वीज आली की मोटर आपली आपण चालू. माणसाची सोय झाली, डीपीची मात्र पंचाईत. विजेची वेळ सुरू होताच त्या डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच सेकंदाला उठू लागल्या. मोटर सुरू होताना चालत्या मोटरीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. फ्यूज उडतो, नाही तर डीपी जळते, आणि नवी येईपर्यंत सगळ्यांचंच पीक वाळतं. महावितरण वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना आवाहन करतं की ऑटोस्विच काढा आणि मोटरीला कपॅसिटर बसवा, त्यामागचं कारण हेच.

मोबाइलवर ‘रात्री अकरा’ लावून ठेवलेला कारचा टायमर हा ऑटोस्विचचा शहरी भाऊ आहे. एक फरक मान्य केला पाहिजे. कारचा चार्जर मोटरीसारखा सुरुवातीला उसळी मारत नाही, सावकाश चढतो. पण मोटरीची उसळी काही सेकंदांची असते, कारचा भार काही तासांचा.

ज्या गावांत डीपी टिकली तिथे काय झालं? शेजारच्या शेतकऱ्यांनी आपसांत ठरवलं की आधी वरच्या अंगाच्या मोटरी, मग दहा मिनिटांनी खालच्या. कुणी अर्ज केला नाही, कुणी अ‍ॅप काढलं नाही. असंच मोठ्या प्रमाणावर एकदा घडून गेलंय. २००५ नंतर राज्यात भारनियमन जोरात होतं, तेव्हा महावितरणने ‘अक्षय प्रकाश’ नावाची योजना आणली. गावाने संध्याकाळच्या वेळेत शेतीपंप आणि तसला जड भार चालवायचा नाही, दिवे-पंखे तेवढे लावायचे. बदल्यात गावाला त्या वेळेत भारनियमनातून सूट. एकाने जरी चोरून मोटर लावली तरी सूट सगळ्यांची जायची, त्यामुळे पहारा महावितरणपेक्षा गावाचाच जास्त. या योजनेची आठवण आज कुणी फारशी काढत नाही. मला मात्र ती ई-गाड्यांच्या सगळ्या धोरणपत्रांपेक्षा जास्त उपयोगी वाटते. भार वाटून घ्यायला लोक तयार होतात, फक्त बदल्यात काय मिळणार ते स्पष्ट हवं.

८. स्वस्त वेळ आता दुपारची आहे

विजेच्या दरापुरतं पाहिलं, तर ‘रात्री चार्ज करा’ हा सल्ला जुन्या जगातला आहे. तेव्हा औष्णिक केंद्रं रात्रंदिवस धगधगत आणि रात्री वीज उरायची. आता दुपारी उरते, कारण सूर्य. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहक हक्कांचे नियम बदलले, त्यांत सौर तासांमधला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा असं म्हटलंय. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सुरू होऊन पुढच्या वर्षांत रुपयापर्यंत जाणारी सवलत ठरली. टीओडी मीटर म्हणजे कोणत्या तासाला किती वीज वापरली याची वेगळी नोंद ठेवणारा मीटर. स्मार्ट मीटरवरून गावोगावी वाद झाले, त्यांत इथे शिरत नाही. पण तासाची नोंदच नसेल तर तासाची सवलतही देता येत नाही, इतकं खरं.

पुण्या-मुंबईच्या नोकरदाराची गाडी दुपारी ऑफिसच्या तळघरात असते. सांगली-साताऱ्यातलं जगणं थोडं निराळं आहे. बरेच दुकानदार, शिक्षक, बँकेतले लोक दुपारी जेवायला घरी येतात. मार्केट यार्डातला व्यापारी दुपारी तासभर पडतोही. त्या तासा-दीड तासात स्कूटरचं रोजचं एक युनिट निवांत भरतं, तेही सवलतीच्या दरात. लहान शहराला मिळालेली ही सोय आहे, ती वापरावी.

छतावर सौर पॅनेल असतील तर आणखी उत्तम. एक किलोवॅटच्या पॅनेलमधून महिन्याला सुमारे १२० युनिट मिळतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे तर राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून २०२४ मध्ये जाहीर झालं. मात्र एक गैरसमज काढून टाकायला हवा. दुपारी केलेली वीज ग्रिडला दिली आणि रात्री आठला तीच गाडीसाठी परत घेतली, तर नेट मीटरिंगमुळे बिल जवळजवळ शून्य येईल. डीपीवरचा रात्री आठचा भार मात्र तसूभरही कमी होत नाही. पॅनेल ज्यांच्या छतावर आहे, त्यांनी गाडीही उन्हातच चार्ज केली तर दोन्ही साधतं.

मग रात्रीचं काय? गावठाणाची डीपी रात्री रिकामी असली, तरी ज्या उपकेंद्रातून तिला वीज येते तिथून शेतीपंपाचे फिडरही निघतात, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात ते चालू असतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभे राहताहेत, त्यांचा हेतू शेतीला दिवसा वीज देणं हा आहे. ती मागणी शेतकऱ्यांची जुनी आहे. ती जसजशी पुरी होईल तसतशी खेड्यातली रात्र गाड्यांसाठी मोकळी होईल.

९. इतर देशांनी काढलेली तोड

ब्रिटनने ३० जून २०२२ पासून नियम केला की घरासाठी विकला जाणारा चार्जर ‘स्मार्ट’च असला पाहिजे. त्यात गर्दीची वेळ टाळणारी वेळ आधीच लावलेली येते. शिवाय प्रत्येक चार्जर ठरल्या वेळी लगेच सुरू न होता दहा मिनिटांपर्यंतचा कोणताही उशीर स्वतःच निवडतो. ऑटोस्विचचा प्रश्न त्यांनी असा सोडवला. जर्मनीत १ जानेवारी २०२४ पासून नव्या घरगुती चार्जरचा वेग अडचणीच्या वेळी वीजकंपनी ४.२ किलोवॅटपर्यंत खाली आणू शकते. चार्जिंग पूर्ण बंद करता येत नाही, आणि मालकाला आकारात सूट मिळते. ‘अक्षय प्रकाश’ची देवाणघेवाण आठवते ना? आपल्याकडे असा सक्तीचा नियम येईल तेव्हा येईल, तोवर हे काम हाताने करता येण्याजोगं आहे.

१०. आपल्या घरी

कार घेण्याआधी मंजूर भार तपासा, तो बिलावर छापलेला असतो. कमी असेल तर रीतसर वाढवून घ्या. भार न वाढवता वॉलबॉक्स लावला तर महावितरणच्या हिशेबात तुमची कार नसते, आणि डीपी बदलायची गरज कुठे आहे हे त्यांना कळत नाही. रोज सहा युनिट म्हणजे महिन्याला १८० युनिट. त्याने घरचं बिल वरच्या टप्प्यात जातं, म्हणून २०२४ च्या नियमांनुसार गाडीसाठी वेगळी जोडणी मागता येते. दोन्हींचा हिशेब मांडून मग ठरवा. स्कूटरवाल्यांना यातलं काही लागत नाही.

सॉकेट स्वतंत्र असावा, त्याला वेगळा एमसीबी आणि गळती झाल्यास वीज तोडणारा आरसीसीबी असावा. १६ अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घालावी, वॉलबॉक्ससाठी ६ किंवा त्याहून जाड. अर्थिंग तपासून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी लावू नका, मग ती स्कूटर का असेना.

वॉलबॉक्स असेलच तर तो ३२ ऐवजी १६ किंवा १० अँपिअरवर चालवता येतो का ते पाहा. बऱ्याच यंत्रांत ती सोय असते. अपवादाच्या दिवशीच पूर्ण वेग वापरा. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा प्लग नको. साताऱ्याच्या थंडीत सकाळी सहापासून गिझर लागतात, तोवर चार्जिंग आटोपलेलं असावं.

आणि टायमर सगळ्यांनी अकरावर लावू नका. एक साधी युक्ती सुचवतो. घर क्रमांकाचा शेवटचा आकडा घ्या, त्याला वीसने गुणा, तितकी मिनिटं अकराच्या पुढे ढकला. घर क्रमांक ४० असेल तर अकराला, ४३ असेल तर बाराला, ४७ असेल तर एक वाजून वीस मिनिटांनी. रोजच्या फिरतीची सहा युनिट साध्या सॉकेटवर दोन तासांत भरतात, त्यामुळे शेवटच्या घराचंही पहाटे चारपर्यंत होऊन जातं. सोसायटीत हे सचिवांनी नोटीस बोर्डावर लावलं तरी भागेल.

तुमच्या गल्लीत दुसरी-तिसरी ई-कार यायच्या आत एकदा वायरमनला थांबवा आणि दोन गोष्टी विचारून घ्या : आपली डीपी किती केव्हीएची आहे, आणि आपलं घर कोणत्या फेजवर आहे.